बूट स्क्रीनचं रिझोल्यूशन: मॉनिटर कसलाही असो, मेनू दिसला पाहिजे

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात राधानगरीकडच्या एका सरांचा फोन आला. "दादा, तुम्ही लावून दिलेला कॉम्प्युटर चालू केला, तर स्क्रीन काळी आणि मधी एक डबी इकडून तिकडं फिरतीया. डबीत काहीतरी इंग्रजीत लिहिलंय." काय लिहिलंय ते वाचून सांगा म्हटलं, तर वाचेपर्यंत डबी दुसऱ्या कोपऱ्यात. शेवटी कळलं, 'आउट ऑफ रेंज'. दहा सेकंदांनी डबी गेली आणि लिनक्सचा डेस्कटॉप व्यवस्थित उघडला. पण त्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होतं, ऑफिसच्या कामाला विंडोज लागत होतं, आणि नेमका ते निवडायचा मेनूच दिसत नव्हता.

चूक माझीच. कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या टेबलावर २४ इंची मॉनिटर आहे. त्यावर छान दिसतंय म्हणून मी बूट मेनूचं रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांचा आकडा, १९२० बाय १०८० करून मोकळा झालो. शाळेत १७ इंची चौकोनी मॉनिटर, तोही निळ्या व्हीजीए वायरीवर. त्याला एवढं झेपणार कुठलं?

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. बूट स्क्रीन माझ्या टेबलावरच्या चांगल्या मॉनिटरसाठी लावायची नाही, त्या मशीनला कधीतरी जोडला जाईल त्या सगळ्यात गरीब मॉनिटरसाठी लावायची. कारण या मेनूची खरी गरज पडते ती काहीतरी बिघडल्यावर, आणि तेव्हा समोर कुठला मॉनिटर असेल याचा भरवसा नसतो.

लेख उबंटू, मिंट, डेबियन वापरणाऱ्या नवख्या माणसासाठी आहे. फेडोराचा फरक त्या त्या ठिकाणी सांगेन. कमांड मी फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

आधी एवढं समजून घ्या

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत पडद्यावर एकच कोणी चित्र काढत नाही. पहिल्यांदा मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, कंपनीचा लोगो दाखवतं. मग ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लिनक्स किंवा विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम, मेनू काढतो. मग लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ताबा घेतो आणि गोल फिरणारी किंवा ठिपक्यांची स्क्रीन येते, ती काढणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव प्लायमाउथ. शेवटी डेस्कटॉप. चौघांचं रिझोल्यूशन वेगवेगळं असू शकतं. म्हणून "डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये बदललं तरी मेनू तसाच दिसतोय" ही तक्रार रास्त असली तरी उपाय चुकीच्या दारात शोधलेला असतो. मेनूचं रिझोल्यूशन ग्रबच्या फाइलमध्येच बदलावं लागतं.

दुसरी गोष्ट. ग्रबजवळ ग्राफिक्स कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर नसतो. फर्मवेअर जे मोड, म्हणजे रिझोल्यूशनचे आकडे, देईल त्यातलाच एक तो घेऊ शकतो. फर्मवेअरचा जुना प्रकार बायोस, नवा यूईएफआय. जुन्या बायोस मशीनवर ही यादी व्हीबीई नावाच्या पद्धतीनं येते, नव्या यूईएफआय मशीनवर जीओपी नावाच्या पद्धतीनं. यादीत नसलेला आकडा तुम्ही फाइलमध्ये कितीही ठळक लिहा, तो मिळणार नाही.

पायरी १: मॉनिटर ओळखा

मॉनिटरच्या मागचं स्टिकर बघा, मॉडेल नंबर टिपून घ्या. स्टिकर निघालं असेल तर आकारावरून अंदाज बांधता येतो. १५ इंची चौकोनी एलसीडी बहुतेक १०२४ बाय ७६८. १७ आणि १९ इंची चौकोनी १२८० बाय १०२४. साडेअठरा इंची रुंद असेल तर १३६६ बाय ७६८. १९ इंची रुंद बऱ्याचदा १४४० बाय ९००, २० इंची १६०० बाय ९००, जुना २२ इंची १६८० बाय १०५०, आणि साडेएकवीस ते २४ इंची आजकाल जवळपास सगळे १९२० बाय १०८०.

हे आकडे एवढे महत्त्वाचे का? एलसीडीच्या पडद्यावर ठिपके मोजून बसवलेले असतात. दुसरा आकडा दिला की मॉनिटर चित्र ताणून बसवतो आणि अक्षरांच्या कडा धुरकट होतात. जुन्या काचेच्या डबा मॉनिटरचं तसं नव्हतं, ते कुठलंही रिझोल्यूशन सारख्याच मायेनं दाखवायचे. उद्यमनगरात एखाद्या मशीनशेजारी अजून तसला डबा चालू असेल तर त्याला ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ द्या आणि विषय संपवा.

ताणण्याचा परिणाम अक्षरांपेक्षा चित्रात जास्त कळतो. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या ऑफिसात गणपतीच्या वर्गणीचा हिशोब ठेवायला एक जुना कॉम्प्युटर आहे. पोरांनी हट्टानं ग्रबच्या मेनूमागं त्यांच्या एका पैलवानाचा खासबाग कुस्ती मैदानातला फोटो लावून घेतला. चौकोनी मॉनिटरवर तो ठीक दिसायचा. पुढं कोणीतरी २२ इंची रुंद मॉनिटर भेट दिला आणि १०२४ बाय ७६८ चं चित्र १९२० बाय १०८० वर पसरलं. आडवं १.८७५ पट, उभं १.४ पट. म्हणजे गडी उंचीच्या मानानं एक तृतीयांशानं रुंद झाला. मी दुरुस्त करायला बसलो तर वस्ताद म्हणाले, "राहू दे की. मागच्या वर्षी खरंच असा झाला असता तर कुस्ती मारली असती."

उलटंही होतं. रुंद मॉनिटरसाठी केलेलं चित्र १७ इंची चौकोनीवर टाकलं की तोच पैलवान काडीपैलवान होतो. म्हणून पार्श्वभूमीला चित्र लावायचंच असेल तर त्यात माणसाचा चेहरा किंवा गोल बोधचिन्ह नको. रंकाळ्याचं पाणी कितीही ताणलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

१३६६ ची भानगड

साडेअठरा इंची मॉनिटरवाल्यांना फाइलमध्ये १३६६ बाय ७६८ लिहूनही काही फरक पडत नाही असा अनुभव येतो. कारण गमतीचं आहे. ७६८ ओळींना सोळास नऊ या प्रमाणात रुंदी काढली तर १३६५.३३ येते, ती वर ढकलून १३६६ केली. पण मॉनिटरची टायमिंग ठरवण्याच्या रूढ सूत्रांना रुंदी ८ नं भागली जाणारी लागते. १३६६ ला ८ नं भाग जात नाही, १३६० ला जातो. त्यामुळे बऱ्याच कार्डांच्या यादीत १३६० बाय ७६८ एवढंच सापडतं. तेच घ्या. सहा ठिपक्यांचा फरक कोणाला दिसत नाही.

पायरी २: वायर तपासा

हा भाग लोक गाळतात आणि मग दोन तास फाइलशी भांडत बसतात. मॉनिटर स्वतःची माहिती कॉम्प्युटरला सांगत असतो: मी कोण, मला कुठलं रिझोल्यूशन आवडतं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात, तिचा मूळ भाग जेमतेम १२८ बाइटचा. व्हीजीए वायरीत ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. स्वस्त वायरीत कधी या पिनांची तारच आत जोडलेली नसते, किंवा कोणीतरी घाईत खुपसताना पिन वाकवलेली असते. रंग सगळे नीट, चित्रही येतं, पण मॉनिटरची ओळख कॉम्प्युटरला पटत नाही. मग कार्ड त्याला जमणारे सगळे मोड यादीत टाकून मोकळं होतं, मॉनिटरला झेपो न झेपो. सरांच्या शाळेत हेच झालं होतं.

म्हणून वायर काढा, उजेडात पिना बघा. नऊ नंबरची पिन बऱ्याच चांगल्या वायरींतही नसते, तिच्यावरून घाबरू नका. वाकलेली पिन चिमट्यानं हळू सरळ करा. घरात दुसरी वायर असेल तर आधी ती लावून बघा, मगच पुढं चला.

आणखी एक सवय लावून घ्या. आधी मॉनिटर चालू करायचा, मग सीपीयू. लाइट जाऊन आली की पुष्कळ ठिकाणी सीपीयू आपोआप उठतो आणि मॉनिटर बंदच असतो. तेव्हा कार्ड माहिती विचारतं आणि समोरून उत्तर येत नाही.

पायरी ३: मशीनलाच विचारा

आता यादी बघायची. कॉम्प्युटर चालू करताना मेनू येत नसेल तर जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवर लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा. मेनू आला की सी दाबा. काळ्या पडद्यावर ग्रबची कमांड लाइन येते. घाबरायचं कारण नाही, इथं लिहिलेलं काहीही कायमचं साठत नाही. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं पुसलं जातं.

पहिल्यांदा हे टाइप करा: सेट, स्पेस, पेजर, बरोबरचं चिन्ह, एक. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. यानं लांब यादी पानापानानं थांबत येते. मग टाइप करा व्हिडिओइन्फो, एकच शब्द, सगळी लहान अक्षरं. फार जुन्या ग्रबमध्ये ही कमांड नसेल तर व्हीबीईइन्फो.

यादीत प्रत्येक ओळीवर रुंदी, उंची आणि रंगांचे बिट दिसतील. जिच्यापुढं चांदणी आहे तो आत्ता चालू असलेला मोड. यादीच्या शेवटी ईडीआयडीची माहिती आणि 'प्रिफर्ड मोड' अशी ओळ आली तर समजा मॉनिटरची ओळख पटलेली आहे, आणि तो आकडा हेच तुमचं उत्तर. ती ओळच नसेल तर दुसऱ्या पायरीकडं परत जा. वायर बदलूनही आली नाही, तर पहिल्या पायरीतला आकडा हाच आधार.

यादी वहीत उतरवून घ्या किंवा मोबाइलनं फोटो काढा. फोटो काढताना फ्लॅश बंद.

पायरी ४: फाइलला हात लावण्याआधी चाचणी

ही पायरी मला सगळ्यात आवडते. ग्रबच्या त्याच कमांड लाइनवर तीन ओळी टाइप करायच्या. पहिली: टर्मिनल अंडरस्कोर आउटपुट, स्पेस, कन्सोल. पडदा साध्या अक्षरांवर येतो. दुसरी: सेट, स्पेस, जीएफएक्समोड, बरोबर, आणि आपला आकडा, मधे इंग्रजी एक्स, उदाहरणार्थ १२८० एक्स १०२४, सगळं सलग. तिसरी: टर्मिनल अंडरस्कोर आउटपुट, स्पेस, जीएफएक्सटर्म.

पडदा क्षणभर काळा होऊन नव्या रिझोल्यूशनमध्ये परत येईल. आला तर आकडा चालतो. डबी नाचायला लागली तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबा किंवा रीसेटचं बटण. पहिल्यासारखं होईल. दोनतीन आकडे असे तपासा. मी शाळेत जातो तेव्हा त्यांच्याकडचा सगळ्यात जुना मॉनिटर आणायला सांगतो आणि ही चाचणी त्यावर करतो.

पायरी ५: फाइल बदला

लिनक्स सुरू करून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. आधी मूळ फाइलची एक प्रत काढून घरच्या फोल्डरमध्ये ठेवा. मग: सुडो, स्पेस, नॅनो, स्पेस, स्लॅश ईटीसी स्लॅश डिफॉल्ट स्लॅश ग्रब. नॅनो हा टर्मिनलमधला साधा एडिटर, त्यात फाइल उघडते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तसंच असतं.

फाइलमध्ये जीआरयूबी अंडरस्कोर जीएफएक्समोड अशी, सगळ्या कॅपिटल अक्षरांतली ओळ शोधा. उबंटूत ती ६४० बाय ४८० या आकड्यासह असते आणि तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असतं. हॅश आहे तोवर ती ओळ झोपलेली. हॅश काढा आणि बरोबरच्या चिन्हापुढं एक आकडा न लिहिता रांग लिहा:

१२८० एक्स १०२४, स्वल्पविराम, १०२४ एक्स ७६८, स्वल्पविराम, ऑटो.

मधे कुठंही स्पेस नाही. ग्रब डावीकडून एकेक आकडा फर्मवेअरला विचारत जातो आणि जो मिळेल तो घेतो. ऑटो म्हणजे 'तुझं तू बघ'. मी पूर्वी एकच आकडा लिहायचो. आता रांग, आणि शेवटी ऑटो, हे माझ्या हाताला बसलंय.

पण इथं एक मेख आहे. ग्रब विचारतो फर्मवेअरला, मॉनिटरला नाही. वायरीच्या पिना तुटलेल्या असतील तर फर्मवेअर मोठ्या आकड्यालाही खुशाल हो म्हणेल, ग्रब खाली उतरणारच नाही आणि डबी नाचेल. म्हणून मॉनिटर बदलत राहणार असतील, लॅबमध्ये, दुरुस्तीच्या टेबलावर, तर रांगेची सुरुवातच १०२४ बाय ७६८ नं करा. रुंद पडद्यावर ते जरा फताडं दिसेल, पण पाच सेकंदांच्या मेनूला सौंदर्यस्पर्धेत उतरायचं नाही. एकच मशीन, एकच मॉनिटर, घरचं टेबल असेल तर मात्र खुशाल प्रिफर्ड मोडचा आकडा पुढं ठेवा.

त्याच फाइलमध्ये आणखी दोन ओळी बघून घ्या. जीआरयूबी अंडरस्कोर टाइमआउट, म्हणजे मेनू किती सेकंद थांबायचा ते, शून्य असेल तर पाच करा. आणि टाइमआउट अंडरस्कोर स्टाइल लपवलेली, म्हणजे हिडन असेल, तर तिथं मेनू लिहा. नाहीतर एवढा खटाटोप करून मेनू दिसायचाच नाही.

कंट्रोल आणि ओ दाबून साठवा, एंटर, मग कंट्रोल आणि एक्स. शेवटची कमांड विसरू नका: सुडो, स्पेस, अपडेट, हायफन, ग्रब. ती न चालवता रीस्टार्ट करून "काहीच बदललं नाही" म्हणणारे फोन मला महिन्यातून एकदा तरी येतात. फेडोरात याच कामाला ग्रब२, हायफन, एमकेकॉन्फिग, स्पेस, हायफन ओ, स्पेस, स्लॅश बूट स्लॅश ग्रब२ स्लॅश ग्रब डॉट सीएफजी असं लिहावं लागतं, पुढं सुडो लावून.

पायरी ६: मेनूच्या पुढची स्क्रीन

मेनू नीट झाला तरी त्यानंतरची लोगोची स्क्रीन उडी मारते, मोठी अक्षरं मधेच लहान होतात. त्यासाठी फाइलमध्ये एक ओळ घालता येते: जीआरयूबी अंडरस्कोर जीएफएक्सपेलोड अंडरस्कोर लिनक्स, बरोबर, कीप. कीप लहान अक्षरांत. म्हणजे ग्रबनं घेतलेला मोड कर्नलनं तसाच पुढं चालवायचा. कर्नलचा स्वतःचा ग्राफिक्स ड्रायव्हर जागा झाला की तो मॉनिटरला विचारून पुन्हा आपलं ठरवतो, त्यामुळे कीप लावूनही एखादी उडी राहते. तिच्यामागं लागू नका.

इंटरनेटवर जुन्या सल्ल्यांमध्ये व्हीजीए बरोबर ७९१ असलं काही लिहायला सांगतात. तो १०२४ बाय ७६८ चा जुना संकेतांक आहे. नव्या मशीनवर त्याच्या नादी लागायचं कारण नाही.

टीव्ही, आणि फार मोठे मॉनिटर

मार्केट यार्डात गुळाच्या एका अडतीवर भिंतीवरचा टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरतात. तिथं मेनूच्या वरची ओळ आणि कडेची अक्षरं कापली जात होती. रिझोल्यूशन बरोबर होतं. टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर ढकलतो, टीव्हीच्या जुन्या प्रक्षेपणाच्या काळापासूनची ती खोड. टीव्हीच्याच मेनूत चित्राच्या आकारात 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा तसल्याच नावाचा पर्याय असतो. तो निवडला की कडा परत येतात. ग्रबमध्ये काही करावं लागत नाही.

फोर-के मॉनिटरची अडचण उलटी. ३८४० बाय २१६० वर मेनूची अक्षरं मुंगीएवढी होतात आणि बाण दाबला की निवड रेंगाळत खाली सरकते, कारण एवढे ठिपके ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मदतीशिवाय भरायचे असतात. यादीत १९२० बाय १०८० असेल तर तोच घ्या. बरोबर निम्मा आकडा, त्यामुळे अक्षरं दुप्पट आणि ताणलं तरी प्रमाण जात नाही. यादीत नसेल तर ग्रबसाठी मोठ्या अक्षरांचा फॉन्ट बनवावा लागतो, ते वेगळं काम.

दोन मॉनिटर जोडले असतील तर मेनू कुठल्यावर येणार हे ग्रब ठरवत नाही, फर्मवेअर ठरवतं. बायोसमध्ये 'प्रायमरी डिस्प्ले' किंवा त्यासारखा पर्याय असेल तर तिथं बघा. दोन्हींवर एकच चित्र येत असेल तर दोघांना झेपणारा आकडा द्या.

पडदा काळाच राहिला तर

मेनू दिसत नाही, पण मशीन चालू आहे, अशा वेळी काही दाबू नका. टाइमआउट संपू द्या, डेस्कटॉप आपला मोड स्वतः लावेल, मग फाइल दुरुस्त करा. मेनू दिसतो पण त्यानंतर काळं होतं, असं असेल तर मेनूवर ई दाबा, लिनक्स या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला जा, एक स्पेस देऊन नोमोडसेट लिहा, सलग एकच शब्द, आणि एफ१० दाबा. हे तेवढ्या एका वेळेपुरतं असतं. आत गेल्यावर दुरुस्ती करायची, नोमोडसेट कायमचं ठेवायचं नाही, नाहीतर ग्राफिक्स कार्ड अर्धं झोपलेलंच राहतं.

सरांना मी फोनवरच सगळं सांगितलं. जीएफएक्समोडचं स्पेलिंग त्यांनी फळ्यावर लिहून घेतलं आणि सातवीतल्या एका पोरीनं ते टाइप केलं. पहिल्या खेपेला स्वल्पविरामानंतर स्पेस पडली होती, ती काढल्यावर मेनू आला. मग त्यांना एक काम सांगितलं: कागदाच्या चिठ्ठीवर 'व्हीजीए, १७ इंची, १०२४ बाय ७६८ पहिला' असं आजच्या तारखेसह लिहून सीपीयूच्या पाठीवर चिकटटेपनं लावा. पुढच्या वेळी तो डबा कोण उघडेल ते आत्ताच कोणाला ठाऊक?